नऊ नंबरचा बिल्ला

डॉक्टर हिरेमठांनी माझ्या छातीवर तिसरी रबरी वाटी चिकटवली आणि बाहेर कोणीतरी धाडकन पडलं.

"हलू नका," ते मला म्हणाले आणि मान वळवून ओरडले, "तवनाप्पा, काय झालं?"

तवनाप्पा म्हणजे त्यांचा कंपाउंडर. बाकडं सरकल्याचा आवाज आला, एक बाई किंचाळली, आणि मग तवनाप्पाचा चिरका स्वर ऐकू आला, "डॉक्टर, नऊ नंबर! नऊ नंबर पडला बघा!"

डॉक्टर तसेच धावले. दारातला पडदा त्यांच्या खांद्यात अडकला आणि अर्धा निखळून लोंबकळला. पडद्याशी उभी असलेली आयाबाईही त्यांच्या मागे पळाली. मी एकटी टेबलावर. अंगावर चादर, छातीवर तीन वाट्या, हातापायांना ईसीजीचे चिमटे.

मला काहीही झालेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी माझ्या छातीत दुखत नव्हतं, हाताला कळ नव्हती, आणि मी सकाळी दोन प्लेट इडली खाऊन आले होते.

मी सांगलीची. बारा वर्षं हौशी रंगभूमीवर कामं केली, स्पर्धांतून बक्षिसं घेतली, आणि आपल्यासारखी नटी जिल्ह्यात नाही अशी माझी पक्की समजूत होती. पुण्याची एक संस्था तेव्हा लहान गावांतल्या डॉक्टरांच्या कामाचा दर्जा तपासत होती. त्यासाठी त्यांना खोटे पेशंट हवे होते. डॉक्टरांनी सहा-आठ महिने आधी संमतीच्या कागदावर सही केलेली असायची, की असा एखादा पेशंट कधीतरी येईल. कधी आणि कोण, ते त्यांना ठाऊक नसायचं. आम्ही सगळीकडे एकच तक्रार सांगायची. सकाळपासून छातीवर दडपण आहे, डाव्या हाताला कळ जाते. डॉक्टर काय विचारतात, नाडी बघतात का, रक्तदाब घेतात का, बाईमाणूस सोबत उभं करतात का, हे लक्षात ठेवायचं आणि बाहेर आल्यावर अठ्ठावीस चौकोनांचा फॉर्म भरायचा.

डॉक्टर हिरेमठ माझे आठवे. आधीच्या सातांपैकी एकाने फोनवर प्लॉटचा सौदा करत करत मला तीन गोळ्या लिहून दिल्या. एकाने माझ्याकडे न बघता टॉनिकची बाटली पुढे केली. सातही जणांनी मला पित्त ठरवून वाटेला लावलं. संस्थेच्या दृष्टीने ही उत्तम माहिती होती. माझ्या दृष्टीने हा घोर अपमान होता. सात प्रयोग सलग पडले होते आणि मी मनाशी गाठ बांधली होती की आठव्याला आपण हलवून सोडायचंच.

म्हणून मांजरणी गावातल्या त्या दवाखान्यात मी ठरवल्यापेक्षा अर्धा तास आधी गेले. बाजाराचा दिवस, बाकांवर दाटीवाटी. तवनाप्पा प्रत्येकाला नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला द्यायचा. मला चौदा मिळाला. डाव्या हाताला बेचाळिशीचा एक माणूस बसला होता, त्याच्या मुठीत नऊचा बिल्ला. त्याचा धाकटा भाऊ त्याला सोडून बाजारात गेला होता. माणूस भिडस्त होता. मी बसताना त्याने स्वतःला आक्रसून मला जागा करून दिली.

"काय होतंय हो तुम्हाला?" मी विचारलं.

"काय न्हाय ओ ताई. ॲसिडिटी. काल भावकीत जेवान हुतं."

वीस मिनिटांनी मी कण्हायला सुरुवात केली. तवनाप्पा धावत आला. छातीत दुखतंय म्हटल्यावर त्याने सरळ मला दंडाला धरून उठवलं. बाकावरची मंडळी कुरकुरली. नऊ नंबरवाल्याने मात्र पाय आत घेतले आणि म्हणाला, "जावा ताई तुम्ही आधी. मला काय घाई न्हाय."

डॉक्टरांनी मला बघितलं मात्र, चेहराच बदलला त्यांचा. हातातली दुसरी चिठ्ठी तशीच टाकून ते उठले. नाडी, रक्तदाब, दोन्ही बाजूंनी छाती, आयाबाईला हाक, एक गोळी जिभेखाली. ती मी शिकवल्याप्रमाणे गालात धरली. आणि मग मशीन. तालुक्यात खाजगी दवाखान्यातलं ते एकच मशीन होतं. मी मनातल्या मनात एकेक चौकोनावर बरोबरची खूण करत होते आणि इतकी खूश होते की काही विचारू नका.

आता अर्ध्या निखळलेल्या पडद्यातून मला बाहेरचं दिसत होतं. नऊ नंबरवाला फरशीवर उताणा पडला होता. त्याच्याजवळ गुडघे टेकून डॉक्टर दोन्ही तळहातांनी त्याची छाती दाबत होते. मोठ्याने आकडे मोजत होते. तवनाप्पा फोनवर अँब्युलन्सवाल्याला पत्ता सांगत होता. तेवढ्यात दारातून दोन पिशव्या घेऊन एक दणकट माणूस आत आला. तो रंगराव खोत, पडलेल्या महिपतीचा धाकटा भाऊ. ही नावं मला नंतर पेपरातून कळली.

"ए! ए, काय करतोस?" पिशव्या त्याच्या हातातून गळून पडल्या. "छातीवर बसलास व्हय माझ्या भावाच्या?"

"हृदय बंद पडलंय," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "दाबू द्या मला. पंधरा, सोळा..."

रंगरावने त्यांच्या बरगडीत लाथ घातली. डॉक्टर कलंडले, पण तसेच रांगत परत आले आणि पुन्हा छातीवर हात ठेवले. रंगरावने त्यांची कॉलर धरून मागे खेचलं. ते पुन्हा पुढे सरकले. तिसऱ्या वेळी त्याने त्यांचं डोकं बाकड्याच्या कडेवर आपटलं. तेव्हा ते थांबले.

महिपतीच्या छातीवर त्यानंतर कोणाचाच हात पडला नाही.

बाहेर बाजार भरलेला. दवाखान्यात माणूस मारला म्हणायला वेळ लागला नाही. वीस-पंचवीस जण आत घुसले. त्यांतले निम्मे खोतांच्या गावचे असतील, बाकीचे नुसते हात धुऊन घ्यायला आलेले. औषधांच्या कपाटाची काच फुटली. सलाईनचा लोखंडी स्टँड कोणीतरी उपसला आणि तवनाप्पाच्या पाठीत घातला. तो ओरडत टेबलाखाली शिरला, तर त्याला पायाला धरून बाहेर ओढला आणि दोघा-तिघांनी तुडवला. आयाबाईच्या कानातलं कोणीतरी हिसकलं. तिचा कान फाटला आणि रक्त पदरावर ओघळलं. एक शिकलेला दिसणारा मुलगा शांतपणे रजिस्टरची पानं फाडत होता. त्याला का कोण जाणे, मी अजून विसरलेले नाही.

"नंबर आमचा हुता!" रंगराव ओरडत होता. त्याने भावाची मूठ उघडून तो बिल्ला काढला आणि डॉक्टरांच्या तोंडासमोर धरला. "नऊ! ह्यो बघ, नऊ! आमच्या आधी कुणाला घेतलंस? सांग, कुणाला घेतलंस?"

डॉक्टरांच्या कपाळातून रक्त येत होतं. एक डोळा मिटला होता. "आत हार्टचा पेशंट आहे," ते म्हणाले. "बाईंना छातीत दुखत होतं, म्हणून..."

"कोण हाय ती? तुझी पावणी हाय व्हय? बाहेर काढ तिला!"

"बाहेर काढा!" चार जण ओरडले. "बघू तरी केवढी आजारी हाय!"

मी टेबलावर उठून बसले होते. अंगावरची चादर सावरत होते. ओरडून सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मला काही झालेलं नाही, मी खोटी पेशंट आहे, यांना फसवलं ते मी. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, हे मी शपथेवर सांगते. त्याच्यापुढे ते गेलं नाही.

डॉक्टर धडपडत उठले आणि तपासणीच्या खोलीच्या दारात आडवे उभे राहिले. पत्रा मारलेलं जड दार होतं ते. त्यांनी उजव्या हाताने चौकट धरली. चार बोटं आतल्या बाजूला, माझ्याकडे.

"तिला उभं करायचं नाही," ते म्हणाले. आवाज फाटला होता. "मला काय करायचं ते करा. आत कोणी जायचं नाही."

कोणीतरी त्यांना कमरेला धरून बाजूला ओढलं. बाकीचं अंग गेलं, चौकटीवरचा हात सुटला नाही. रंगरावने त्या हातावरच दार लोटलं.

मला आतून फक्त बोटं दिसली. दार एकदा आदळलं, दुसऱ्यांदा आदळलं. बाहेरून डॉक्टरांचा जो आवाज आला तो माणसाचा वाटत नव्हता. बोटं तरी तिथेच होती. तिसऱ्यांदा दार आदळलं तेव्हा ती चौकटीवरून खाली घसरली आणि पांढऱ्या ऑइलपेंटवर लाल ओघळ उरला.

मग दार सताड उघडलं आणि रंगराव आत आला. त्याच्या मागे पाच-सहा डोकी. हातात तो सलाईनचा स्टँड.

आणि मी काय केलं? मी मागे पडले. छातीवर हात दाबला, डोळे अर्धे मिटले, श्वास तोडत तोडत घेतला आणि कण्हले. असं कण्हले की स्वतः मलाच घाम फुटला. आयुष्यात इतका चांगला अभिनय मी ना आधी केला, ना नंतर. रंगरावचा हात वर राहिला.

मागच्या एका म्हाताऱ्याने त्याचा दंड धरला. "आरं, बाई खरंच मराय लागलीया. सोड तिला. बाईमाणसाचं पाप कशाला घेतोस डोक्यावर?"

रंगरावने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं हे मला तेव्हा दिसलं. तो वळला, बाहेर गेला, आणि तो स्टँड पुन्हा डॉक्टरांवर चालल्याचे आवाज मला ऐकू आले. मी सात मोजले. पुढचे मोजले नाहीत.

पोलीस आले तेव्हा बारा वाजून गेले होते. मला एका रिक्षात बसवलं ते तवनाप्पाने. त्याला धड उभं राहता येत नव्हतं. वाकून, भिंत धरून तो म्हणाला, "बाई, तडक मिरजेला जावा. ईसीजी अर्धाच राह्यलाय तुमचा."

मी मिरजेला गेले नाही. लॉजवर गेले, आंघोळ केली आणि सवयीने फॉर्म भरायला बसले. अठ्ठाविसांपैकी सत्तावीस. एक गुण गेला, कारण 'तपासणी पूर्ण होईपर्यंत डॉक्टर रुग्णाजवळ थांबले का?' या चौकोनात मला 'नाही' लिहावं लागलं. लिहिलं आणि मग बेसिनवर जाऊन सकाळचं सगळं ओकले.

सहाव्या दिवशी मी मिरजेच्या हॉस्पिटलात त्यांना भेटायला गेले. सहा दिवस मी स्वतःला नाही नाही ती कारणं दिली. जमावापुढे बोलले असते तर मला फाडून खाल्लं असतं. भूमिका सोडायची नाही असं आम्हाला शिकवलं होतं. आणि आता सांगून काय मिळणार? सगळी कारणं पटण्यासारखी होती आणि एकानेही झोप येत नव्हती.

खाटेवर ते उशीला टेकून बसले होते. तोंड सुजून काळंनिळं झालेलं. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. बँडेज जिथे संपत होतं तिथे जी लांबी दिसायला हवी होती ती नव्हती. दोन बोटं काढावी लागली होती.

मला त्यांनी लगेच ओळखलं. "या, बसा. तुमचा ईसीजी राहिला होता. केलात का कुठे?"

मी मान हलवली. कशी हलवली, हो की नाही, ते मलाच ठाऊक नाही.

त्यांच्या बायकोने मला स्टूल दिलं. ठेंगणी, चष्मेवाली बाई. "बरं झालं तुम्ही आलात," ती म्हणाली. "हे रोज तुमचीच चौकशी करतात. आयुष्यभर ज्या बोटांनी नाडी बघितली ती गेली. एक माणूस डोळ्यांदेखत गेला. पण एक बाई तरी वाचली, एवढंच धरून बसलेत."

मला वाटतं, हे तिने म्हटलं नसतं तर मी फळं ठेवून परत आले असते.

मी सांगितलं. संस्था, संमतीचा कागद, अठ्ठावीस चौकोन, गालात धरलेली गोळी, सगळं. बाहेर ते मार खात होते तेव्हा मी आत कण्हत होते, तेही. मध्ये कुठे थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

बोलणं संपायच्या आत त्यांच्या बायकोने माझ्या थोबाडीत मारली. चष्मा तिच्या नाकावरून घसरला तरी तिने दुसरी मारली. मग केसाला धरून मला स्टुलावरून ओढलं. "बाई, अगं बाई," ती ओरडत होती, "एक शब्द बोलायचा होतास! एक शब्द!" नर्स धावत आली. मी हात वर केले नाहीत. खरं सांगायचं तर तिने आणखी मारावं असं मला वाटत होतं.

"सोड तिला, पार्वती," डॉक्टर म्हणाले. "मला विचारायचंय."

ती भिंतीला टेकून रडू लागली. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. दवाखान्यात टेबलापलीकडून बघत होते तसेच, घाई न करता.

"छातीत दुखतंय म्हणून रोज माणसं येतात," ते म्हणाले. "मी त्या सगळ्यांना लगेच टेबलावर घेत नाही. तुम्ही बोलताना मध्येच अंगठ्याने जबडा चोळत होतात. कानाखालून हनुवटीपर्यंत. ते बघून मी घाबरलो. छातीतलं दुखणं जबड्यात चढलं म्हणजे थांबून चालत नाही. ते तुम्हाला संस्थेने शिकवलं होतं?"

"नाही."

"मग?"

मी आडवं झालेलं स्टूल उभं केलं.

"मग कुठून आलं ते?"

"माझ्या शेजारी बसलेला माणूस तसं करत होता," मी म्हणाले. "नऊ नंबरवाला."

त्यांच्या बायकोचं रडणं थांबलं.

"सात डॉक्टरांनी मला पित्त म्हणून घालवलं होतं. या वेळी खरं वाटायला हवं होतं. त्याचं ते चोळणं मला खरं वाटलं. म्हणून मी ते उचललं. आम्ही नटमंडळी माणसं बघतो, तसं मी त्याला बघत होते." माझा आवाज मला परका वाटत होता. "आम्हाला एक नियम होता. रांगेत खरा आजारी माणूस दिसला तर उठून निघून यायचं. त्याचा वेळ घ्यायचा नाही."

"घाम होता त्याला?" डॉक्टरांनी विचारलं.

"होता. वरच्या ओठावर. पंख्याखाली बसला होता तरी."

"डावा हात?"

"मूठ उघडझाप करत होता. बिल्ला त्याच हातात होता."

"रंग?"

"राखेसारखा."

"किती वेळ?"

"मी बसल्यापासून. वीस मिनिटं."

त्यांनी डोळे मिटले. बँडेजमधला हात त्यांनी दुसऱ्या हाताने मांडीवर सरळ करून ठेवला. मी वाट बघत होते की आता ते मला शिव्या देतील, निदान बाहेर जा म्हणतील.

"मी सहा दिवस विचार करतोय," ते म्हणाले, "की त्या माणसाला कोणी तपासलंच नाही, मी नाही, तवनाप्पाने नाही. तसं नव्हतं म्हणायचं. वीस मिनिटं नीट तपासलं होतं त्याला. तुम्ही."